जुन्या मोटारीचं इंजिन पेटतं कशामुळे: ठिणगीच्या नव्हे, गळतीच्या मागे लागा

प्रश्न असा आला आहे: "माझी १९६७ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार फिरवून आणून गॅरेजमध्ये लावली की दहा-पंधरा मिनिटांनी पेट्रोलचा वास सुटतो. खाली थेंब मात्र दिसत नाही. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात डोळ्यांसमोर एक गाडी पेटलेली पाहिली, तेव्हापासून मनात धास्ती आहे. या गाड्यांच्या इंजिनाला आग नेमकी कशामुळे लागते, धोका किती मोठा असतो आणि गाडीत कोणता अग्निशामक ठेवावा?"

उत्तर लांबणार आहे, पण एक गोष्ट तोवर थांबू शकत नाही. वासाचा उगम सापडेपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नका. गॅरेजचं दार उघडा, जमल्यास गाडी ढकलून मोकळ्यावर आणा, आणि वास कोंडलेला असताना दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. त्याच जागेत ज्योत असलेला गीझर किंवा हीटर असेल तर तो आधी बंद. हवा पूर्ण खेळली की मगच बॅटरी सोडवा, कारण टर्मिनल काढतानाही ठिणगी पडते.

"जुनी गाडी आहे, वास यायचाच" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याची भीती वाटते. त्यात अर्धं सत्य आहे. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणारा भाग. त्याच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या लहान वाटीला, बाहेरच्या हवेशी जोडलेलं छिद्र असतं, त्यामुळे गरम इंजिन बंद केल्यावर बॉनेटपाशी थोडा वेळ हलका वास येऊ शकतो. पण दहा-पंधरा मिनिटांनी वाढत जाणारा, गॅरेजभर पसरणारा वास ही गळती आहे. थेंब दिसत नाही याचा अर्थ इतकाच, की पेट्रोल गरम धातूवर पडून जमिनीपर्यंत पोचण्याआधीच उडून जातं आहे.

आता मूळ मुद्दा. आग लागायला इंधन, हवा आणि पेटवणारं काहीतरी लागतं. हवा काढून घेता येत नाही. पेटवणाऱ्या गोष्टी जुन्या गाडीच्या बॉनेटखाली इतक्या असतात की त्या सगळ्या काढल्या तर इंजिनच चालणार नाही. प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीनं ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात आणि ती टोपी हवाबंद नसते. डायनॅमोच्या ब्रशपाशी ठिणग्या असतात. प्लगकडे वीज नेणाऱ्या हाय-टेन्शन वायरला चीर गेली की अंधारात तिथून निळसर ठिणगी इंजिनाच्या धातूवर उडताना दिसते. इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चढावर पाच-सहाशे अंशांच्या घरात जातो. म्हणून माझा सगळा वेळ आणि गाडीमालकाचा पहिला पैसा इंधनाच्या वाटेवर जातो. ठिणगी तिथे असणारच हे गृहीत धरायचं आणि पेट्रोलला बाहेर पडू द्यायचं नाही. वायरिंगमधून लागणारी आग हा वेगळा प्रकार आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

पेट्रोल किती थोडं पुरतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही त्याची पेटण्याजोगी वाफ होते. हवेत ही वाफ साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के असली की मिश्रण पेट घेतं. हिशोब केला तर शंभर मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडालं की एक घनमीटरहून जास्त हवा पेटण्याजोगी होते. एमजीबीच्या बॉनेटखाली एवढी जागाच नाही. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर निघून जात नाही, खाली साचते आणि जमिनीलगत सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते.

गाडी उभी केल्यानंतरच वास का येतो, हेही यातच आलं. गाडी चालत असताना रेडिएटरमधून येणारा वारा वाफ उडवून नेतो आणि पाणी इंजिनातली उष्णता काढत राहतं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी थांबतं, पण मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेडमध्ये साठलेली उष्णता कुठे जाणार? बॉनेटखालचं तापमान पुढची दहा-वीस मिनिटं उलट चढतं. नळ्यांमधलं पेट्रोल तापून फुगतं, फ्लोट चेंबरमधलं उकळायला लागतं, आणि चालताना जो सांधा कसाबसा तग धरून होता तो पाझरायला लागतो. घरी सुखरूप पोचून गाडी लावल्यावर, लोक आत चहा घेत असताना आग लागते ती यामुळे. लांबून आल्यावर बॉनेट उघडून पाच-दहा मिनिटं गाडीपाशीच थांबायची सवय मी प्रत्येकाला लावतो.

गळतीत पहिला संशय रबरी नळ्यांवर. त्या काळातलं रबर आजच्या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरात शिरतं, त्याला फुगवतं, मऊ करतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेच रबर सुकून कडक होतं, चिरतं. ई१० (दहा टक्के इथेनॉल) असो वा ई२० (वीस टक्के), जुनी नळी, कॉर्कचं गॅस्केट, पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा), फ्लोटला कारखान्यात लावलेला लेप, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि तिथून टाकीला व जस्ताच्या भागांना गंज चढतो. तो गंज सुटून कार्ब्युरेटरपर्यंत येतो आणि फ्लोट चेंबर भरला की पेट्रोल थांबवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतो. एका ठिकाणच्या बिघाडाची गळती दुसऱ्याच ठिकाणी दिसते ती अशी.

नळी घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा. एसएई जे३० या मानकातली आर६ आणि आर७ या नळ्या साध्या पेट्रोलसाठी ठीक होत्या. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला मी आर९ लावतो, तिच्या आत फ्लोरोइलास्टोमरचं, म्हणजे फ्लोरिन असलेल्या कृत्रिम रबराचं, अस्तर असतं. नुसतं "फ्युएल होज" छापलेली, मानक आणि तारीख नसलेली नळी कितीही स्वस्त मिळाली तरी लावू नका. आर९ छापलेल्या नकली नळ्याही बाजारात आहेत, म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. वर्षातून एकदा नळी दुमडून पाहा. दुमडलेल्या जागी बारीक चिरा दिसल्या, बोटांना चिकट लागली किंवा लाकडासारखी कडक वाटली, तर त्या दिवशीच बदला. चांगल्या दिसल्या तरी पाच वर्षांनी सगळ्या नळ्या एकदम बदलायच्या, असा माझा नेम आहे.

वरून सुती किंवा स्टीलच्या जाळीची वीण असलेल्या नळ्या देखण्या दिसतात, पण आतलं रबर सडलेलं बाहेरून कळत नाही. मूळ रूपासाठी ती लावायचीच असेल तर बसवल्याची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण नजरेनं तिचा अंदाज येणार नाही. क्लिपांचंही तसंच. खाचा असलेली पट्टीची क्लिप लहान नळीवर आवळली की तिची कड रबरात रुतते आणि तिथूनच नळी कापली जाते. इंधनाच्या नळीसाठी गुळगुळीत पट्टीची, दोन्ही बाजूंनी सारखी आवळणारी क्लिप वेगळी मिळते. धातूची नळी तांब्याची असेल तर ती थरथरीनं कडक होत जाते आणि एके दिवशी वळणावर चिरते. तिच्या जागी तांबं-निकेलची किंवा स्टीलची घाला आणि ती चॅसिसला ठिकठिकाणी धरून ठेवा.

आता तुमच्या गाडीबद्दल. एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर वर आणि मॅनिफोल्ड थेट त्यांच्याखाली. वरून निसटलेला थेंब मॅनिफोल्डवरच पडायचा. कारखान्यानं म्हणूनच मध्ये उष्णतारोधक पत्रा दिला आणि फ्लोट चेंबरच्या झाकणापासून खाली जाणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळ्या दिल्या. रंगकाम करताना किंवा इंजिन उतरवताना या नळ्या काढल्या जातात आणि परत बसवायच्या राहतात. त्या आहेत का, आणि त्यांचं टोक मॅनिफोल्डच्या बऱ्याच खाली, मोकळ्यात उघडतं का, हे आजच पाहा.

एचएस कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट चेंबरपासून जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल हवेत सोडणाऱ्या छिद्रापर्यंत, एक लहान नायलॉनची नळी जाते. तिच्या टोकाला बारीक रबरी सील असतं. ते जुनं झालं की नटाभोवती ओल दिसते आणि ती ओल नेमकी गरम इंजिनावरच झरते. माझा पहिला अंदाज तिथला आहे. दुसरा अंदाज नीडल व्हॉल्व्हचा: त्यात कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला, की चेंबर भरून वाहायला लागतो.

तुमच्या गाडीत हे तपासायची सोपी सोय आहे. तिचा एसयू पंप विजेवर चालतो आणि टिकटिक आवाज करतो. इंजिन थंड असताना, गाडी मोकळ्यावर ठेवून, जवळ अग्निशामक घेऊन, बॉनेट उघडून चावी फिरवा, सेल्फ मारू नका. पंप भरभर टिकटिकेल, दोन्ही चेंबर भरले की मंदावेल आणि थांबेल. तो थांबलाच नाही, किंवा दर काही सेकंदांनी एकेक ठोका देत राहिला, तर पेट्रोल कुठूनतरी निघून जातं आहे किंवा पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्ह गळतो आहे. पंप चालू असताना टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याला कोरडा पांढरा कागद लावून पाहा. हे दोन-तीन मिनिटांत उरका, कारण डिस्ट्रिब्युटरमधले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असतील तर तेवढा वेळ इग्निशन कॉइल तापत राहते. इंजिनापाशी सगळं कोरडं निघालं तर मागे जा. पंप मागच्या अ‍ॅक्सलजवळ आहे, तिथल्या रबरी नळ्या आणि टाकीचं सील कोणी पाहत नाही.

यांत्रिक पंप असलेल्या गाड्यांत एक वेगळी खूण असते. पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, वाफ भरलेली असते आणि तिथे स्फोट होऊ शकतो.

प्रत्येक गाडीचे आपापले नाजूक बिंदू असतात आणि आपल्या गाडीचे मालकाला माहीत असायलाच हवेत. फोक्सवॅगन बीटलमध्ये कार्ब्युरेटरला पेट्रोल आणणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. वर्षांच्या थरथरीनं ती ढिली होते आणि एक दिवस निघून येते, तेव्हा पंप इंजिनावर पेट्रोल फवारत राहतो. त्यात कोणी इंजिनापाशी प्लास्टिकचा फिल्टर लोंबता लावलेला असेल तर त्याच्या वजनानं हे लवकर होतं. फिल्टर पुढे टाकीजवळ नेणं आणि ती नळी घट्ट करून घेणं, एवढ्यानं मोठा धोका टळतो. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिच्यावरचं झाकण हरवलेलं असेल आणि मागे वजनदार माणूस बसला, तर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलवर टेकतात आणि सीटमधला काथ्या पेट घेतो.

जग्वारच्या व्ही१२ इंजिनात इंधनाच्या नळ्या दोन रांगांमधल्या खोबणीत, इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या जागी असतात. तिथलं रबर लवकर भाजतं आणि कार्ब्युरेटरऐवजी दाबानं पेट्रोल फवारणारं इंजेक्शन असल्यामुळे गळती दाबानं होते. याच इंजिनाच्या, मारेली कंपनीचं इग्निशन असलेल्या जग्वार एक्सजेएस गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधला रोटर बिघडला की एका बाजूच्या सहा सिलिंडरांना ठिणगीच मिळत नाही. जळलेलं नाही असं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो लालभडक होतो आणि त्याच्यावरचा गाडीचा तळ पेटतो. कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार लागतो. बॉशच्या के-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये तो ५ बारच्या आसपास असतो. तिथे नळी फुटली तर थेंब पडत नाहीत, धुक्यासारखा फवारा उडतो, आणि फवारा द्रवापेक्षा कितीतरी सहज पेटतो. फोर्डच्या मॉडेल ए मध्ये पंपच नाही. टाकी विंडस्क्रीनच्या पुढे, उंचावर, आणि पेट्रोल उतारानं खाली येतं. तिथे इंजिन बंद केलं तरी प्रवाह थांबत नाही, म्हणून गाडी लावताना दर वेळी कॉक बंद करायचा असतो.

पेट्रोलइतकंच लक्ष ऑइल आणि ब्रेक फ्लुइडकडे द्या. पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडलं तर पुष्कळदा पेटण्याआधी उडून जातं आणि ठिणगी गाठल्यावर पेटतं. ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल आणि ग्लायकॉलचं ब्रेक फ्लुइड गरम पृष्ठभागावर चिकटून राहतात, तापत राहतात, आणि त्यांना ठिणगीची गरजच लागत नाही. रॉकर कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून झिरपणारं ऑइल एक्झॉस्टच्या बाजूला उतरत असेल तर त्याला नुसता घाण प्रकार समजू नका. एक्झॉस्टला गुंडाळायची काचतंतूची पट्टी सध्या फार लोकप्रिय आहे. ती ऑइलनं किंवा पेट्रोलनं भिजली की दिव्याच्या वातीसारखी काम करते. जिथे जवळपास कोणतीही गळती आहे तिथे ती पट्टी नको, असं माझं ठाम मत आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूचं ऑइल प्यालेलं जाड अस्तरही काढून टाका.

सुरू करतानाच लागणारी आग बहुधा बॅकफायरची असते. टायमिंग चुकलेलं, प्लगच्या वायरी उलटसुलट जोडलेल्या किंवा मिश्रण फार पातळ, यांपैकी काहीही झालं की ज्वाला इनटेक मॅनिफोल्डमधून उलटी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी येते. एअर फिल्टर जागेवर असेल तर तो ती बरीचशी अडवतो. शोभेसाठी फिल्टर काढून उघडी तोंडं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कार्ब्युरेटरच्या घशातच ज्योत दिसली आणि तुम्ही सेल्फ मारत असाल, तर सेल्फ चालूच ठेवा, बहुधा इंजिन ती ज्योत आत ओढून घेतं. अ‍ॅक्सिलरेटर पुन्हापुन्हा दाबू नका, प्रत्येक दाबाला कार्ब्युरेटर आणखी पेट्रोल फवारतो. ज्योत बाहेर पसरली असेल तर मात्र चावी बंद करून अग्निशामक उचला. हाताच्या तळव्यानं कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतून गाडी सुरू करायची पद्धत कायमची सोडा.

आता वीज. आजच्या गाडीत डझनांनी फ्यूज असतात. सुरुवातीच्या एमजीबीत दोन, मॉरिस मायनरमध्येही दोन. इग्निशन, हेडलाइट, डायनॅमोची मुख्य वायर, यांतल्या पुष्कळ वाटांवर फ्यूजच नाही. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देऊ शकते. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या, भोकातलं रबरी कडं (ग्रोमेट) झिजून वायर पत्र्याच्या कडेला घासली की ती वायर क्षणात लाल होते आणि शेजारच्या सगळ्या वायरींचं आवरण वितळवते. अशी आग चावी बंद असतानाही लागते, कारण त्या वायरीत वीज कायम असते. उपाय दोन: बॅटरीजवळ मुख्य कटऑफ स्विच, आणि मुख्य वायरीवर योग्य जाडीचा फ्यूज. कटऑफ स्विच दाबला तर गाडी उभी असताना निम्म्या चिंता संपतात. उंदीर वायरी कुरतडतात आणि मॅनिफोल्डवर गवताचं घरटं करतात, म्हणून बऱ्याच दिवसांनी गाडी काढताना आधी बॉनेटखाली नजर फिरवा.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, इंजिनाची अर्थिंगची पट्टी परत जोडायची राहणे. इंजिन रबरी माउंटिंगवर असल्यामुळे सेल्फचा सगळा प्रवाह मग चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. ती बारीक तार लाल होऊन कार्ब्युरेटरच्या शेजारी धुमसते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा धूर आला तर हेच समजा. दुसरी, डायनॅमोच्या जागी मोठा अल्टरनेटर लावून वायर मात्र जुनीच ठेवणे. ल्युकासचा सी४० डायनॅमो २२ अँपिअरचा. त्याच्या जागी ४५ किंवा ६० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तर मुख्य वायर आणि अ‍ॅमिटर असेल तर तोही बदलावा लागतो. तुमची गाडी १९६७ची, म्हणजे ती पॉझिटिव्ह अर्थची, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेली, असण्याची दाट शक्यता आहे. बॅटरी सोडवताना आधी अर्थचं टोक काढायचं असतं, आणि तुमच्याकडे ते पॉझिटिव्ह असेल. उलट केलंत आणि पाना पत्र्याला टेकला तर शॉर्ट होईल.

विजेचा पंप लावलेला असेल तर अपघातात तो आपोआप थांबायला हवा. इंजिन थांबलं तरी चावी चालू असेपर्यंत साधा विजेचा पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल ढकलत राहतो. धक्का बसल्यावर वीज तोडणारा इनर्शिया स्विच किंवा इग्निशनचे ठोके थांबले की पंप बंद करणारा रिले, यांपैकी एक बसवून घ्या. खर्च थोडा आहे आणि बसवणं सोपं आहे. पंप बदलताना तो कार्ब्युरेटरसाठीचा आहे ना, हे नक्की करा. इंजेक्शनचा पंप नीडल व्हॉल्व्हला सहज उचलून टाकतो.

चालत्या गाडीला आग लागली तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं असावं. बॉनेटमधून धूर, रंग भाजल्याचा वास किंवा ज्वाला दिसली की लगेच कडेला घ्या, चावी बंद करा, म्हणजे विजेचा पंप थांबेल. गाडीला स्टिअरिंग लॉक असेल तर पूर्ण थांबण्याआधी चावी शेवटपर्यंत फिरवू नका. हँडब्रेक लावा, सगळ्यांना उतरवा आणि निदान तीस मीटर लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या. उतार असेल तर वरच्या बाजूला, कारण जळतं पेट्रोल खाली वाहतं. अग्निशमन दलाला फोन करायला माणूस लावा. पर्स, कागदपत्रं, फोनसाठी कोणी परत गाडीत जाणार नाही, हे ओरडून सांगा.

बॉनेट पूर्ण उघडायचं नाही. उघडलं की आत कोंडलेल्या गरम वाफेला एकदम हवा मिळते आणि ज्वाला थेट तोंडावर येते. आतून खटका ओढा, बॉनेट सेफ्टी कॅचवर बोटभर उचललेलं राहील. त्या फटीतून, ग्रिलमधून किंवा चाकाच्या कमानीखालून अग्निशामक सोडा. रंगाला फोड आले असतील, ज्वाला बॉनेटच्या कडेनं बाहेर येत असतील किंवा खाली जळतं पेट्रोल साचत असेल तर तुमचा वेळ संपला आहे, मागे व्हा. एका किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो.

अग्निशामक दोन किलोचा असावा आणि ज्वलनशील द्रवांसाठी असावा. एबीसी पावडर (घन वस्तू, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींसाठीची) ज्वाला सगळ्यात लवकर पाडते, म्हणून एकच ठेवायचा झाला तर मी तोच सांगतो. पावडर बारीक फटींत जाते आणि ओलाव्यात धातू खाते, पण ते नंतर साफ करता येतं. कार्बन डायऑक्साइड काही मागे ठेवत नाही, मात्र वाऱ्यात उडून जातो आणि गरम मॅनिफोल्ड थंड करत नाही, त्यामुळे आग परत पेटते. पेट्रोलसाठीचा फोम पृष्ठभागाला झाकतो आणि थंडही करतो, तोही चांगला पर्याय. सिलिंडर डिकीत ठेवू नका, सीटच्या पुढच्या कडेला धातूच्या पट्ट्यात बसवा, म्हणजे बसल्याजागी हात पोचेल. इंजिनाजवळ तापून फुटणारी प्लास्टिकची नळी आणि तिला जोडलेला सिलिंडर, अशी आपोआप चालणारी व्यवस्था मिळते. गाडी मौल्यवान असेल तर तीही लावा, हातातला सिलिंडर तरी ठेवायचाच.

आगीचा धोका ज्वालांपुरताच नसतो. वायरींचं पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड निघतो, सीटमधल्या फोमचा धूर याहून विषारी. ग्लासफायबरची बॉडी असलेल्या गाड्या, १९५३पासूनच्या कॉर्व्हेट किंवा जुन्या लोटस, एकदा पेटल्या की बॉडीच इंधन होते. बीटलचा क्रँककेस आणि १९६८ ते १९७७ मधल्या बहुतेक पोर्शे ९११चा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. तो पेटला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो आणि पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होऊन भडका उडतो. अग्निशमन दल आलं की गाडी कोणती आहे आणि क्रँककेस कशाचा आहे हे त्यांना आधी सांगा.

विझल्यावरही घाई नको. बॉनेट किमान अर्धा तास उघडू नका आणि बॅटरी जोडलेली असेल तर सुरक्षित झाल्याबरोबर तोडा. जळालेली, काळी चिकट झालेली सीलं आणि नळ्या उघड्या हातांनी उचलू नका. फ्लोरोइलास्टोमर खूप तापला तर त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल निघतं आणि त्याच्या जखमा त्वचेखाली खोल जातात, वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होते. जाड निओप्रीनचे हातमोजे घाला. जुनं गॅस्केट आणि उष्णतारोधक अस्तर यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून हवेच्या दाबानं राख उडवू नका, ओलं करून गोळा करा. पावडर मात्र त्याच दिवशी आधी व्हॅक्युमनं काढा, मगच पाण्यानं धुवा, आणि इंजिनाच्या तोंडातून आत पावडर गेली असेल तर सेल्फ मारण्याआधी प्लग काढून सिलिंडर तपासा.